गोपाळराव सरांचा सत्कार

आपल्याकडे माणसाला काढून टाकायची एक सभ्य रीत आहे. त्याचा सत्कार करायचा. शाल द्यायची, पुष्पगुच्छ द्यायचा, चार माणसांनी उठून चार बरे शब्द बोलायचे, आणि मग त्यानं आपलं आपण समजून घ्यायचं की आता उठावं. बहुतेक माणसं समजून घेतात. गोपाळराव सरांनी समजून घेतलं नाही. त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. चूक कोणाची होती हे धम्मदीपला पक्कं ठाऊक होतं, कारण सत्काराची शाल त्यानंच निवडून आणली होती.

धम्मदीप हा मैत्रेय स्पोर्टिंगचा सेक्रेटरी. उत्तर नागपुरातल्या एका वस्तीचा हा फुटबॉल क्लब. जुना, गरीब आणि भारी मानी. शहराच्या लीगमध्ये वरच्या गटात टिकून राहायचं आणि मोठ्या क्लबांना वर्षातून एखाद्या वेळी घाम फोडायचा, एवढीच त्याची हौस. गोपाळराव सर क्लबाचे कोच. ते कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हापासून पोट्ट्यांना फुटबॉल शिकवणं हेच त्यांचं काम, आणि क्लब त्याबद्दल जे मानधन देई त्याचा आकडा कोणी विचारला की धम्मदीप विषय बदलत असे.

धम्मदीप स्वतः सरांच्याच हाताखाली खेळलेला. तो अगदी पोरसवदा असताना एक अख्खा सीझन असा गेला की त्याला एक गोल म्हणून मारता आला नाही. समोर रिकामं जाळं असलं तरी चेंडू खांबाबाहेर. लोक बाहेरून ओरडत, याले बसवा गा. वस्तीतले म्हातारेकोतारे सरांच्या घरी जाऊन बसत. सरांनी त्याला बसवलं नाही. झाड लावलं का दुसऱ्या दिवशी उपटून मुळ्या पाहाच्या नसते, एवढंच ते म्हणत. पुढच्या वर्षी धम्मदीपचा पाय उघडला आणि त्या गोलांच्या जोरावर खेळाडूंच्या कोट्यातून त्याला रेल्वेत नोकरी लागली. आज तो राहतो ते घर, त्याच्या पोरीची शाळा, बायकोच्या अंगावरचं मंगळसूत्र, सगळं त्या एका माणसाच्या धीरावर उभं आहे. हे तो पूर्वी चारचौघांत सांगतही असे. या वर्षी सांगणं बंद झालं.

या वर्षी क्लबाला नवा अध्यक्ष मिळाला. जितेंद्रभाऊ. प्लॉटचा धंदा, धरमपेठेत बंगला, आणि रात्र रात्र जागून परदेशातले सामने बघायचा नाद. माणूस मनानं वाईट नाही. हात सैल, हसणं मोठं. फक्त टीव्हीवरून ते फुटबॉलातल्या दोनच गोष्टी शिकले होते. खेळाडू विकत आणायचे, आणि तरीही हरलो तर कोचला घरी पाठवायचं. मधलं काही दाखवत नसावेत.

सीझनच्या आधी सरांनी अध्यक्षांकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. डाव्या बाजूला चेंडू अडवणारा एक भक्कम बॅक, आणि डिसेंबरपर्यंतचा वेळ. अध्यक्ष म्हणाले, एकच काय, चार देतो. मग एका दुपारी धम्मदीप धरमपेठेतल्या त्या गार दिवाणखान्यात बसला, पुढ्यात समोसे आले, आणि एजंटनं पाठवलेले व्हिडिओ मोठ्या पडद्यावर सुरू झाले. कोलकात्याचा एक पोरगा दोघांना चकवून गोल मारतो. मणिपूरचा एक हवेतच गोल मारतो. केरळचा एक अर्ध्या मैदानातून मारतो. अध्यक्ष दर वेळी मांडीवर थाप मारून विचारत, बोलो सेक्रेटरी, कैसा है? धम्मदीपला जन्मात कोणी असं विचारलं नव्हतं. तो मान डोलवत गेला. हा घ्या, हाही घ्या. बॅकचा व्हिडिओ एकही नव्हता, कारण नीट अडवलेल्या चेंडूचा व्हिडिओ काढतो कोण?

खेळाडू आले तेव्हा कळलं की चौघेही फॉरवर्ड आहेत. सरांनी चौघांना पळताना पाहिलं आणि हसले. म्हणाले, गोल टाकाले चार झाले, थांबवाले कोन हाय गा? मग बिचाऱ्यांनी त्यातल्या एकाला बॅक करून पाहिलं, तो रुसून दोन दिवस खोलीबाहेर आला नाही. दोघांना आलटून पालटून खेळवलं, तर दोघांच्याही तक्रारी थेट धरमपेठेत पोचल्या. वस्तीतली चार पोरं बाहेर बसली होती, त्यांच्या आया सरांना रस्त्यात अडवून विचारू लागल्या. आणि मैत्रेय स्पोर्टिंग लागोपाठ तीन सामने हरलं. तिन्ही वेळा गोल डाव्या बाजूनं झाले.

तिसऱ्या सामन्यानंतर अध्यक्षांच्या ऑफिसात कमिटी बसली. बिघडलं कुठं, असा प्रश्न कोणीतरी काढला. धम्मदीपला त्या वेळी एकच वाक्य बोलायचं होतं: खेळाडू मी निवडले. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायला. मग दुसरं कोणी बोललं की सरांचं वय झालं, सरांना आजचा खेळ कळत नाही, आणि बघता बघता तेच ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. इथं तर चोर स्वतः पाणी पीत बसला होता.

अध्यक्षांनी कोल्हापूरचा एक कोच आधीच फोनवर पक्का करून ठेवला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. प्रश्न उरला तो मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचा. सरांना सांगायचं कोणी? सगळे एकमेकांकडे आणि मग छताकडे बघू लागले. त्या वस्तीत असं घर नव्हतं ज्यातल्या एखाद्या पोराला सरांनी कानाला धरून शाळेत परत नेलं नव्हतं.

तेव्हा तोड धम्मदीपनंच काढली. त्याला एक गोष्ट माहीत होती. नागपूरजवळ मौद्याला वीज प्रकल्पाच्या अंगाला एक मोठी शाळा आहे, तिथून सरांना विचारणा आली होती. खेळाचे शिक्षक म्हणून नोकरी, राहायला दोन खोल्या, महिन्याच्या महिन्याला पगार. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. सरांनी धम्मदीपलाच सल्ला विचारला होता आणि तो पाहू म्हणाला होता.

"आपन त्याईचा सत्कार ठेवू," तो म्हणाला. "मान मिळाला का ते खुशीनं मौद्याले जातीन. आपल्याले काही बोलाचं कामच नाही."

अध्यक्षांना ते इतकं पटलं की त्यांनी उठून त्याची पाठ थोपटली. साप भी मरेगा, लाठी भी नहीं टूटेगी, म्हणाले. तरी सावधपणा म्हणून असं ठरलं की कार्यक्रम आटोपला की धम्मदीपनं सरांना बाजूला घेऊन दोन शब्द बोलावेत. धम्मदीप हो म्हणाला. हो म्हणायला त्याचं काय जात होतं?

रविवारी संध्याकाळी समाजभवन भरून गेलं. दारावर फ्लेक्स लागला. त्यावर सरांच्या फोटोपेक्षा अध्यक्षांचा फोटो अंमळ मोठा होता, पण तसं चालतं. तुळसाबाई, सरांच्या पत्नी, ठेवणीतली पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले, वंदना झाली, आणि भाषणं सुरू झाली. सगळेच छान बोलले. सरांनी काय काय केलं ते सगळ्यांनी सांगितलं. सर आता काय करणार आहेत ते एकानंही सांगितलं नाही. धम्मदीपनं तपकिरी रंगाची लोकरीची शाल सरांच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. सर शालीच्या आत एवढेसे दिसत होते.

मग त्यांना बोलायला उभं केलं. माइकसमोर ते आयुष्यात पहिल्यांदाच आले असावेत. शालीचं टोक त्यांनी हातात घट्ट धरलं.

"तीन मॅच हरलो," ते म्हणाले. "दुसरा क्लब असता त हाकलून देल्लं असतं मले. तुम्ही शाल देल्ली."

एवढंच बोलून ते खाली बसले. सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. तुळसाबाई पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. अध्यक्षांनी व्यासपीठावरून धम्मदीपकडे पाहिलं आणि धम्मदीपनं आपल्या चपलांकडे.

जेवणाच्या वेळी तो दोनदा सरांजवळ गेला. पहिल्यांदा तुळसाबाई त्याच्या बायकोला, मेघाला, फोटो पाठव गं बाई म्हणून सांगत होत्या, तेव्हा कसं बोलणार? दुसऱ्यांदा सर एकटेच होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि आपल्या ताटातली जिलबी उचलून त्याच्या ताटात ठेवली. लहानपणी सामना जिंकल्यावर ठेवत तशीच. धम्मदीपनं ती जिलबी खाल्ली आणि उद्या ग्राउंडवर बोलू असं स्वतःशी ठरवून टाकलं. घोंगडं भिजत ठेवायची त्याची सवय जुनी होती, पण इतकं जड घोंगडं आजवर नव्हतं.

मेघाला सगळा बेत ठाऊक होता. घरी आल्यावर तिनं, सांगतलं का, म्हणून विचारलं. तो उद्या म्हणाला. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"उद्या सोमवार हाय," ती म्हणाली. "जे बोलाचं ते आत्ता जाऊन बोला. त्याईनं मौद्याले नाही म्हनून टाकलं त काय करसान?"

आजच्या दिवशी त्यांचा आनंद कशाला मोडायचा, असं तो म्हणाला. ते ऐकायला मोठं चांगलं वाटत होतं. खरं तर त्याला तुळसाबाईंच्या दारात उभं राहायची भीती वाटत होती, एवढंच.

सकाळी तो मैदानावर गेला तर सर त्याच्याही आधी आलेले. पोरं यायची होती. मैदानाच्या डाव्या अंगाला त्यांनी प्लास्टिकचे कोन मांडले होते, आणि शाल घडी घालून सायकलच्या हँडलला पिशवीत टांगली होती. जयभीम झाला. सर इतके खुशीत धम्मदीपनं बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. ते कोलकात्याच्या पोराबद्दल बोलू लागले. त्याला बॅक करायचं नाही, त्याच्या मागं कर्णधार अंकुशला थोडं आत खेळवायचं, म्हणजे डावी बाजू झाकली जाते. रात्री झोप आली नाही, तेव्हा सुचलं म्हणाले. धम्मदीप ऐकत राहिला. मग त्यानं विचारलं, जमेल तितक्या सहज आवाजात, की मौद्याचं काय ठरवलं.

"काल घरी गेल्या गेल्या फोन केला," सर म्हणाले. "नाही येत म्हटलं. तुळसा म्हने का जाऊ, दोन खोल्या हाय, पानी हाय. म्या म्हटलं, हरल्यावर मान देनाऱ्या लोकाईले सोडून कसं जावं वं?"

काल ताटात जिलबी पडली तेव्हा तोंड उघडलं असतं, तर हा फोन झाला नसता. मेघानं सांगितलं तेव्हा गाडीला किक मारली असती, तरी कदाचित झाला नसता. आता सांगणं आणि न सांगणं दोन्ही सारखंच वाईट होतं. पण नवा कोच संध्याकाळच्या गाडीनं येणार होता, आणि गाडी काही कोणाच्या लाजेखातर उशिरा येत नाही.

"सर," तो म्हणाला, "नवा कोच येऊन राहिला. आज संध्याकाळी. कोल्हापूरचा हाय."

सरांना आधी कळलंच नाही. आपल्या मदतीला का, असं त्यांनी विचारलं. धम्मदीपनं मान हलवली. मग त्यांना कळलं. ते खाली वाकले आणि एक कोन थोडा सरकवून सरळ केला.

"कवा ठरलं?"

"मागच्या हप्त्यात."

"म्हंजे सत्काराच्या आंधी."

"हो सर."

सर ओरडले असते, त्यांनी कानफटात वाजवली असती, तर धम्मदीपनं गाल पुढं केला असता. ते नुसते मैदानाकडे बघत राहिले. धम्मदीपला तिथं उभं राहवेना. त्यानं सरांच्या हातातून त्यांचा फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि मौद्याचा नंबर लावला. शाळेतले गृहस्थ फार नम्रपणे बोलले. काल सरांनी नाही म्हटल्यावर लगेच दुसऱ्या उमेदवाराला कळवलं, तो आजच रुजू होतो आहे, पुढं काही जागा निघाली तर सरांचं नाव ध्यानात ठेवू. धम्मदीपनं फोन परत दिला. सरांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला.

मग, उशिरा का होईना, ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं. खेळाडू त्यानं निवडले होते. मीटिंगमध्ये तो बोलला नव्हता. सत्कारसुद्धा त्याचीच कल्पना होती.

"चार फॉरवर्ड पाह्यले तवाच समजलो का हे तुहं काम हाय," सर म्हणाले. "तू लहानपनापासून गोलच पाहे. बाकीचं मालूम नव्हतं."

तेवढ्यात फाटकातून पोरं येऊ लागली. कर्णधार अंकुश पुढं होता, मागं वस्तीतली, आणि जरा अंतर राखून बाहेरचे चौघे. सरांनी धम्मदीपच्या दंडाला धरलं. पोट्ट्याईले मी सांगतो, तू मधात बोलू नको, एवढं हळूच बजावलं आणि शिट्टी फुंकली.

पोरं गोल करून उभी राहिली. सरांनी पिशवीतून शाल काढून खांद्यावर घेतली. ऊन वर आलं होतं, लोकरीची शाल घ्यायची ती वेळ नव्हती.

"मौद्याच्या शाळेत मले नोकरी लागली," ते म्हणाले. "मोठी शाळा हाय, राहाले घर हाय. म्हनून जाऊन राहिलो. क्लबानं मले कसं मानानं सोडलं ते तुम्ही काल पाह्यलंच. नव्या कोचचं आयका. त्याले तरास नका देजा."

अंकुशनं टाळी वाजवली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनीच. बाहेरचे चौघेही वाजवू लागले. एकदोन लहान पोरांचे डोळे भरले होते. अंकुश गोलातून निघून धम्मदीपजवळ आला आणि खाली मान घालून उभा राहिला.

"दादा, माफ करजा," तो म्हणाला. "तीन मॅच हरल्यावर आमाले वाटलं का तुम्ही सराईले काढून टाकसान. आम्ही सारे तुमच्यासंग भांडाले येनार होतो. काल तुम्ही शाल घातली तवा आमालेच लाज वाटली."

धम्मदीपला वाटलं, आता इथंच, या सगळ्यांसमोर ओरडून सांगावं. सर खोटं बोलताहेत, मौद्याची नोकरी गेली, ती माझ्यामुळं गेली, शाल म्हणजे हाकलणंच होतं. सांगितलं असतं तर त्याची छाती हलकी झाली असती. पण गोलाच्या मध्ये शाल पांघरून उभ्या असलेल्या माणसाजवळ आता तेवढं एक खोटंच उरलं होतं, आणि खरं बोलून धम्मदीपनं तेही हिसकावून घेतलं असतं. खरं बोलायची वेळ होती तेव्हा तो पाणी प्यायला होता, जिलबी खाल्ली होती. आता त्याला तो हक्क राहिला नव्हता. त्यानं अंकुशच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळे वाजवत होते म्हणून टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या टाळ्यांचा आवाज त्याला सगळ्यांत मोठा ऐकू येत होता.

सरांनी पोरांना पळायला लावलं आणि सायकलीकडे निघाले. धम्मदीप मागून गेला. घरी तुळसाबाईंना मी सांगतो, चला मी येतो, असं तो म्हणाला. सरांनी नको म्हटलं. शाल पाहून तुळसाबाई काल रात्री म्हणाल्या होत्या, एवढ्या वर्षांत कोणी तरी जाणलं. तिला काय सांगायचं ते मी पाहतो, म्हणाले. त्यांनी शाल पुन्हा नीट घडी घातली, पिशवीत कोंबली नाही.

तेवढ्यात धम्मदीपचा फोन वाजला. अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांचा आवाज फोनबाहेरही ऐकू येई. काम झालं का, हे त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचं सांगितलं. संध्याकाळी नव्या कोचला घ्यायला स्टेशनवर जायचं, जाताना एक चांगली शाल आणि बुके घ्यायचा, फोटो पेपरला द्यायचे आहेत. कालच्यासारखीच घे म्हणाले, छान होती.

धम्मदीपनं फोन बंद केला. सर सायकलचं स्टँड काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि न ऐकल्यासारखं करणं त्यांना कधी जमलं नाही.

"घे शाल," ते म्हणाले. "येताना देल्ली त चालते."

ते सायकलवर बसले, एक पाय जमिनीवर टेकवून थांबले.

"त्याले डिसेंबरपर्यंत टाइम देजो गा. अन् नाहीच देता आला, त जाताना शाल नको देजो. तोंडानं सांगजो."

धम्मदीप हो सर म्हणाला. सर फाटकातून बाहेर पडले आणि घराकडे वळले. मैदानावर डाव्या अंगाला मांडलेल्या कोनांमधून अंकुश आणि कोलकात्याचा पोरगा पळत होते, आणि शिट्टी वाजवायला कोणी नव्हतं.